भिंतीवरचे डोळे

माणसाच्या आयुष्यातला अंधार एकदम येत नाही. तो कडेकडेनं, पावलांचा आवाज न करता येतो, आणि ज्याच्याकडे येतो त्याला सगळ्यात शेवटी कळतो. हे वाक्य डोळ्यांच्या दवाखान्यातल्या भिंतीवर एका औषध कंपनीनं लावलं होतं आणि त्याखाली थेंबांच्या बाटलीचं चित्र होतं. बाकावर बसून त्यानं ते तीनदा वाचलं. स्वतःपुरतं त्याला एवढंच म्हणता आलं असतं, की आपला अंधार आवाज न करता आलेला नाही. तो चांगला खळ्ळकन फुटला होता आणि त्यात दोन चमचे साखर होती.

झालं होतं असं, की सोमवारी सकाळी त्यानं चहाचा कप टेबलावर ठेवला आणि टेबल तिथं नव्हतं. म्हणजे टेबल होतं. कप ठेवला तिथं नव्हतं. नेहमीच्या खुर्चीत नेहमीसारखा बसून, चष्मा नाकावर घालून, समोरच्या कॅलेंडरकडे बघत त्यानं डावा हात बाजूला नेला आणि बोटं सोडली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, बघून ठेवता येत नाही?" तो म्हणाला, "निसटला." हे खोटं होतं. निसटणारी वस्तू हाताला आधी कळते, हात दचकतो, तिच्यामागे धावतो. इथं हातानं आपलं काम चोख केलं होतं आणि समाधानानं परतही आला होता. अठरा वर्षांच्या संसारात त्यानं याहून दणदणीत थापा मारल्या होत्या, पण त्या सगळ्या दुसऱ्या कुणाबद्दल तरी होत्या. फडक्यानं फरशी पुसताना त्याला वाटलं, की आपण आत्ता काहीतरी लपवलं, आणि काय लपवलं ते आपल्यालाच माहीत नाही. त्या दिवसापासून कप ठेवायच्या आधी तो डाव्या हातानं टेबलाची कड चाचपायला लागला. बायकोच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल. तिच्या लक्षात आलेल्या सगळ्याच गोष्टी ती सांगत नसे.

तो पट्ट्या तपासायचा. स्टीलच्या मोजपट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यात एकवीस वर्षं तो एका खिडकीपाशी बसत होता, आणि शंभरातली एक पट्टी उचलून तिच्यावरच्या रेघा बघत होता. बाकीच्या तपासनिसांना भिंग लागे. त्याला लागत नसे, कारण त्याच्या चष्म्याचा नंबर उणे सोळा होता. असा माणूस चष्मा काढतो तेव्हा त्याचं जग नाकापुढं सहा सेंटिमीटरवर येऊन थांबतं. पण त्या सहा सेंटिमीटरवर जे येईल ते इतकं स्पष्ट दिसतं की दुसऱ्या कुणाला हेवा वाटावा. चष्मा कपाळावर, पट्टी नाकाला टेकलेली, आणि मिलिमीटरची एकेक रेघ त्याच्यापुढून मिरवणुकीसारखी जात असे: खोल, उथळ, दुहेरी, वाकडी. कारखान्यात त्याला सगळे मिलिमीटरच म्हणत. फोरमन तर म्हणायचा, "ए मिलिमीटर, जेवायला चल, नाहीतर ती पट्टीच चाटत बसशील." डोक्यावर एक पाटी होती, 'शंका आली की बाद', आणि तिच्याखाली बाद मालाचा लोखंडी डबा. हा नियम त्याच्या अंगात इतका मुरला होता की लग्नाच्या वेळी मुलीला होकार द्यायला त्यानं पाच आठवडे घेतले, आणि ती गोष्ट आजही घरात विझलेली नाही.

नंबर वाढला असेल म्हणून तो चष्मेवाल्याकडे गेला. त्यानं डोळ्यात उजेड टाकून बघितलं आणि काही न बोलता चिठ्ठी लिहून दिली. न बोलणारा चष्मेवाला त्यानं पहिल्यांदाच पाहिला. चिठ्ठीवर 'काचबिंदू' आणि पुढं प्रश्नचिन्ह होतं. ते प्रश्नचिन्ह त्याच्या धंद्याच्या हिशेबानं सरळ डब्यात जायला हवं होतं.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी थेंब घातले, फोटो काढले, यंत्रात हनुवटी ठेवायला लावली, आणि शेवटी रंगीत कागद हातात घेऊन म्हणाल्या, "घरात कुणाला काचबिंदू?"

"नाही. म्हणजे, माहीत नाही. वडिलांना नंबर होता."

"नंबर वेगळा, काचबिंदू वेगळा."

"वेगळा कसा ओळखतात?"

"बहुतेकांत सहज ओळखतात. तुमच्यात नाही." त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला एक गोळा काढला आणि दुसरा, अंड्यासारखा. "हा बाकीच्यांचा डोळा, हा तुमचा. लांबलाय. मागचा पडदा ताणला गेला की त्याच्यातून बाहेर पडणारी नस तिरकी होते, फिकी दिसते, शेजारी पांढरी कोर पडते. काचबिंदूत नसेच्या मधोमध खळगा वाढत जातो. आता तुमची नस मुळातच अशी कलंडलेली, की तो खळगा आहे की तिची बसायची तऱ्हाच तशी आहे, हे नुसतं बघून मी नाही सांगू शकत. कुणीच नाही सांगू शकत. सांगितलं तर समजा, फेकतोय."

"आणि हे लाल?"

"लाल म्हणजे यंत्राला तुम्ही पसंत नाही. त्याच्या पोटात चांगल्या डोळ्यांची मापं भरलेली असतात, त्यांच्याशी ते ताडून बघतं. त्यात सोळा नंबरवालं कुणी नाही."

हे मात्र त्याला लगेच कळलं. कारखान्यात काचेच्या पेटीत एक मूळ पट्टी असते. बाकी सगळ्या पट्ट्यांचं खरंखोटं तिच्याशी ताडून ठरतं. "म्हणजे मूळ पट्टीच दुसऱ्या मालाची आहे," तो म्हणाला.

"कसली पट्टी?"

"काही नाही. डोळ्यातलं प्रेशर?"

"चौदा. उत्तम. पण प्रेशर उत्तम असूनही काचबिंदू असतो, आणि तुमच्यासारख्यांत जरा जास्तच."

"यात चांगली बातमी कुठली?"

"ती अजून तयार व्हायचीय," बाई म्हणाल्या. "फील्डची, म्हणजे नजरेच्या आवाक्याची, तपासणी करून या. काचबिंदू समोरचं दिसणं शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. खातो ते कडेचं. तुम्हाला कडेचं दिसतं ना नीट? धडकणं, अडखळणं, असं काही?"

तो म्हणाला, "नाही." कप त्याच्या तोंडापर्यंत आला होता, पण बाहेर पडला नाही. बाद ठरायच्या भीतीनं पट्टी खोटं बोलू शकत नाही. माणसाला ती सोय आहे.

वडील डाव्या खांद्यानं चालायचे. म्हणजे असं आता त्याला वाटलं, दवाखान्याच्या जिन्यावर, थेंबांमुळे पसरलेल्या उन्हात, भिंतीला हात लावून उतरताना. वडील टायपिस्ट होते. बोटांना अक्षरं पाठ होती, म्हणून नोकरीला डोळ्यांचा उपद्रव झाला नाही. उपद्रव झाला तो दारांना. घरातल्या प्रत्येक चौकटीवर त्यांच्या डाव्या खांद्याच्या उंचीला रंग उडालेला होता आणि त्यांच्या कोटाच्या डाव्या खांद्यावर आईनं दोनदा ठिगळ लावलं होतं. उजवा खांदा शेवटपर्यंत नवा. पाण्याचा पेला त्यांच्या डाव्या बाजूला ठेवला तर सांडायचा, म्हणून आई उजवीकडे ठेवायची, आणि हे कुणी कधी ठरवलं नव्हतं; घरातल्या वस्तूच हळूहळू उजवीकडे सरकत गेल्या. चष्मा जाड होता, त्यामुळे खुलासा तयार होता: नंबर वाढलाय. दरवर्षी नंबर वाढायचा, दरवर्षी नवी काच, आणि नवी काच घालून वडील पुन्हा त्याच चौकटीला धडकायचे. कॉलेजात असताना एकदा तो त्यांच्याबरोबर बँकेत गेला होता. वडिलांचा धक्का लागून एका बाईंच्या हातातले कागद सांडले. रांग हसली. तो चिडून म्हणाला होता, "बाबा, जरा बघून चाला ना." कागद गोळा करत वडील शांतपणे म्हणाले, "बघूनच चालतो रे." तेव्हा त्याला तो उर्मटपणा वाटला होता. आज जिन्यावर ते वाक्य त्याला माहितीसारखं ऐकू आलं. माणूस बघून चालतोय, सगळं बघतोय, आणि जे दिसत नाही ते दिसत नाही हे त्याला दिसत नाही. वडिलांना काचबिंदू असेल तर तो आपल्याला असण्याची शक्यता किती पटीनं वाढते, ते बाईंनी सांगितलं होतं. आकडा तो विसरला. खांदा विसरता येईना.

त्यानं ताईला फोन केला. ताई म्हणाली, "मोतीबिंदू ना? हल्ली दहा मिनिटांत करतात. आमच्या शेजारीण सकाळी करून आल्या नि दुपारी भांडत होत्या."

"काचबिंदू. आणि आहे का, ते माहीत नाही."

"तेच ते रे. बिंदू बिंदूच."

"बाबांना काय होतं गं?"

मग ताई म्हणाली, "बाबांना घाई होती. सारखी. त्यात तो चष्मा." आणि लगेच पुढं, "तू पण सावकाश चालत जा. तुझी पण चाल तशीच आहे." फोन ठेवल्यावर तो घरातल्या दारांच्या चौकटी बघत हिंडला. डाव्या बाजूला रंग उडालेला होता. उजव्या बाजूलाही होता. रंगच हलक्या प्रतीचा होता.

फील्डची तपासणी म्हणजे एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं. मधल्या दिव्याकडे टक लावायची, आणि वाडग्यात कुठंही ठिणगी चमकली की हातातलं बटण दाबायचं. यंत्रावरची मुलगी म्हणाली, "काका, नजर मधेच ठेवायची हं. इकडंतिकडं डोळा मारायचा नाही." तो बसला. ठिणग्या येऊ लागल्या. काही ठसठशीत होत्या, त्या त्यानं दाबल्या. काही अशा, की आल्या का भास झाला ते कळू नये. एकवीस वर्षांची सवय बोटात उभी राहिली: शंका आली की बाद. त्यानं शंकेची एकही ठिणगी पास केली नाही. पुढं पुढं त्याला त्यात जुना, ओळखीचा आनंदही व्हायला लागला; आपण फसत नाही आहोत, आपण चोख आहोत. कागद बाहेर आला तेव्हा मधे एक नाणंभर उजेड आणि बाकी सगळं काळं होतं. मुलगी कागदाकडे बघून म्हणाली, "काका, तुम्ही इथपर्यंत एकटे आलात?"

आठ दिवस तो त्या कागदासकट जगला. कागद बायकोला दाखवला नाही. कारखान्यात खिडकीपाशी बसून चष्मा काढायचा, पट्टी नाकाला लावायची, आणि रेघांकडे बघायच्या ऐवजी रेघांच्या कडांकडे बघायचा प्रयत्न करायचा. कडांकडे बघितलं की कडा मधे येतात आणि दुसऱ्या कडा तयार होतात. काचबिंदू निघाला तर फोरमनला सांगावं लागेल, फोरमन वर सांगेल, आणि ही खिडकी, जिच्यापाशी सोळा नंबर हा गुण होता, जगातली अशी एकमेव जागा जाईल. आणि मग घरातल्या वस्तू हळूहळू उजवीकडे सरकतील. त्याला सहा वर्षांपूर्वीचा माल आठवला. त्या पट्ट्यांवर सतराव्या सेंटिमीटरमधली तिसरी रेघ नव्हतीच, साच्यातच नव्हती. त्याच्या नजरेतून ती सुटली आणि चार हजार पट्ट्या बाजारात गेल्या. त्यानं तक्रारीची वाट बघितली. सुतार, शिंपी, शाळा, कचेऱ्या, चार हजार ठिकाणी लोक मापं घेत होते. एकही तक्रार आली नाही. नसलेली रेघ कुणाला दिसते? डोळा पुढं जातो, मेंदू मधे एक रेघ ओढून देतो. बाबांच्या डाव्या बाजूला मेंदूनं काय काय ओढून दिलं असेल? मोकळा रस्ता. रिकामं दार. न हसणारी रांग.

डॉक्टरीणबाई कागद बघून चक्क हसल्या. "हे खरं असेल तर तुम्ही काठीच्या आधारानं यायला हवं होतं. बटण कधी दाबलंत?"

"खात्री झाली की."

"खात्री कुणी मागितली? ते यंत्र मुद्दाम फिकं फिकं करत नेतं. अर्धं दिसलंच नाही पाहिजे. शंका आली की दाबायचं."

हे वाक्य बोलायला त्यांना दोन सेकंद लागले. त्याला ते पचायला आठवडा लागला, आणि पचलं ते वाजवीपेक्षा जास्त. दुसऱ्या खेपेला तो दाबतच सुटला. ठिणगी आली, दाबलं. येईल असं वाटलं, दाबलं. यायला हवी होती, दाबलं. कधी नव्हे इतकं हलकं वाटलं. जन्मभर बाद केलेलं सगळं तो पास करत होता. मुलीनं मधेच यंत्र थांबवलं. "काका, मी न दाखवलेले दिवे पण बघताय तुम्ही." तिसऱ्या खेपेला तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "हे बघा, परीक्षा नाहीये ही. दिसलंसं वाटलं की दाबा, नाही वाटलं की गप्प बसा, नि मधेमधे श्वास घ्या." त्यानं श्वास घेतला. या वेळचा कागद जवळजवळ सगळा पांढरा होता. फक्त प्रत्येक डोळ्याला बाहेरच्या बाजूला एक काळा डाग, जरा ऐसपैस.

"नस जिथून बाहेर पडते तिथं सगळ्यांनाच दिसत नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्यात ती पांढरी कोर आहे, म्हणून डाग मोठा. हे नंबरानं होऊ शकतं. पण सुरुवातीचा काचबिंदू अजून फील्डमधे उमटलाच नसेल, असंही असू शकतं."

"मग ठरणार कसं?"

"दुसऱ्या कुणाच्या डोळ्याशी ताडून नाही ठरणार. तुमच्याच जुन्या डोळ्याशी ताडून ठरेल. नंबरानं झालेलं असेल तर वर्षानुवर्षं तसंच राहतं. काचबिंदू पुढं सरकतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा आतला फोटो आहे का?"

"डोळ्याच्या आतला फोटो कोण काढून ठेवतं?"

"कुणी नाही ठेवत," बाई म्हणाल्या. "म्हणून आज काढू आणि दोनेक वर्षं वाट बघू."

असा एक फोटो आहे, हे त्याला बसच्या दारात आठवलं, एक पाय पायरीवर असताना, आणि तो पाय त्यानं खाली घेतला. मागच्या माणसानं शिवी दिली. नोकरी लागायच्या वेळी कारखान्यानं त्याला तपासणीसाठी वैद्यकीय कॉलेजच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं होतं. तिथले म्हातारे प्राध्यापक त्याच्या डोळ्यात डोकावले आणि मिठाईचं दुकान दिसल्यासारखे खूश झाले. "या, या सगळे! असा पुन्हा बघायला मिळायचा नाही!" बेचाळीस विद्यार्थी ओळीनं येऊन त्याच्या डोळ्यात बघून गेले, एकानं तर दोनदा नंबर लावला. मग फोटो काढला. महिन्याभरानं दाखला न्यायला गेला तेव्हा प्राध्यापकांनी त्याला हाताला धरून वर्गाबाहेरच्या बोळात नेलं आणि चौकट दाखवली: काळ्या कागदावर दोन नारिंगी चकत्या, खाली छापलेलं, 'तीव्र लघुदृष्टी. पुरुष, वय २७. उजवा, डावा.' लग्न ठरल्यावर त्यानं हे होणाऱ्या बायकोला अभिमानानं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "लोकांचे चेहरे लावतात भिंतीवर."

रुग्णालयातल्या त्या बोळाला आता नवा रंग लागला होता आणि चौकटी काढल्या होत्या. शिपायानं त्याला जिन्याखालच्या खोलीत नेलं. तिथं मोडक्या खुर्च्यांमागं तीसेक चौकटी भिंतीला टेकून उभ्या होत्या, जगातली यकृतं, कातडी, दात. चष्मा कपाळावर सरकवून, एकेक चौकट नाकाला लावून तो बघत गेला. एकोणिसावी त्याची होती.

"तुमच्या ओळखीचा कुणी?" शिपायानं विचारलं.

"मीच आहे."

शिपायानं फोटो बघितला, मग त्याला बघितलं, मग पुन्हा फोटो. "नाक नाही आलं फोटोत," तो म्हणाला. "घेऊन जा. इथं कोण विचारतंय."

डॉक्टरीणबाईंनी चौकट उजेडात धरली, शेजारी आजचे फोटो ठेवले, आणि पाच मिनिटं इकडचं तिकडे ताडत राहिल्या. तो त्यांच्या हाताकडे बघत बसला. आपण आजवर हजारो पट्ट्यांना असं बसवून ठेवलं असेल, असा एक निरुपयोगी विचार त्याच्या मनात येऊन गेला. शेवटी बाई म्हणाल्या, "कोर जराशी रुंद झालीय, ती होतेच वयाबरोबर. खळगा जसाच्या तसा. शिरांची वळणंसुद्धा तीच. एकवीस वर्षं काचबिंदू इतका गप्प बसत नाही."

"म्हणजे नाही?"

"म्हणजे आजवर नव्हता. नंबराचाच खेळ आहे हा. सहा महिन्यांनी या, आजच्याशी ताडून बघू."

तो उठला, आणि उभ्या उभ्या विचारलं, "माझ्या वडिलांचं सांगता येईल?"

"काय होतं त्यांना?"

"तेच विचारतोय. धडकायचे. डाव्या बाजूला."

"त्यांचे जुने कागद आहेत?"

"चष्मे आहेत. ते जाऊन अकरा वर्षं झाली."

"मग नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांनी आवाज बदलला नाही, याबद्दल त्याला त्यांचे आभार मानावेसे वाटले. वडिलांचा डोळा कुठल्याच भिंतीवर नव्हता. भिंतींवर होता तो खांदा, आणि ते घर केव्हाच दुसऱ्यांनी घेऊन रंगवलं होतं.

घरी आल्यावर त्यानं चौकट खुर्चीवर ठेवली आणि बायकोला सगळं सांगितलं: चिठ्ठी, काळा कागद, पांढरा कागद, शिपाई. ती ऐकत गेली. मधेच फक्त एकदा म्हणाली, "दीड महिना? आणि मला वाटलं, कारखान्यात काही लफडं केलंत." मग चौकटीकडे बघून म्हणाली, "हे इथं लावायचं नाही. सांगून ठेवते."

"त्या सोमवारी," तो म्हणाला, "कप निसटला नव्हता. मी नीट ठेवला होता. बघूनच ठेवला होता."

"कुठला सोमवार? कॅलेंडरचं पान उलटलं तो?" बायको आठवत म्हणाली. "मग बरोबर आहे. त्या दिवशी सकाळी केर काढताना टेबल मी पलीकडे सरकवलं होतं. मग तिथंच राहिलं. बरं दिसतं म्हटलं."

तो वाकला. फरशीवर टेबलाच्या पायांच्या जुन्या चार खुणा होत्या. त्यानं खिशातली पट्टी काढली, चष्मा कपाळावर घेतला, आणि जुन्या खुणेपासून आताच्या पायापर्यंत मोजलं. एकोणीस सेंटिमीटर भरलं.